‘तुमच्या सोयीने, तुमच्या वेळेत’: चार वर्षांचा हिशोब

मी गोदामात डिस्पॅच सुपरवायझर आहे. कोणती गाडी किती वाजता लागली, किती नग चढले, किती फुटके निघाले, हे दिवसभर लिहायचं, हेच माझं काम. त्यामुळे कुठलीही सेवा घेतली की तिचा आवक-जावक हिशोब मांडायची खोड लागलीय. ही सेवा म्हणजे दूरस्थ पद्धतीने घेतलेली बी. कॉम.ची पदवी. दुसऱ्या वर्षानंतर सुटलेलं शिक्षण अकरा वर्षांनी पुन्हा धरलं आणि नोकरी न सोडता पुरं केलं. चार वर्षं लागली. पाचपैकी साडेतीन तारे देते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण माझा एक अर्ज अजून त्यांच्या टेबलावर पडून आहे.

परत शिकायला का गेले ते आधी सांगते. आमच्या फलकावर शिफ्ट इन्चार्जच्या जागेची सूचना लागली होती. खाली एक ओळ: ‘उमेदवार पदवीधर असावा.’ त्याआधीच्या दोन इन्चार्जना काम मीच शिकवलं होतं. दोघंही पदवीधर. एकाची पदवी वनस्पतिशास्त्रातली होती. माणूस चांगला होता, पण गाडीत जड माल खाली आणि हलका वर लावायचा, हे त्याला सांगायला मीच लागायचे.

माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत होतं: ‘शिका तुमच्या सोयीने, तुमच्या वेळेत.’ चार वर्षांत मी या ओळीतलं एकेक अक्षर तपासून पाहिलं आहे. अर्धी ओळ खरी आहे. कुठली अर्धी, ते मात्र प्रवेश घेताना कोणी सांगत नाही.

सुरुवात जुन्या मार्कांपासून झाली. नव्या पद्धतीत पदवीसाठी १२० श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, लागणार होते. दोन वर्षं झालेली, म्हणजे आपले ८० तर कुठे गेले नाहीत, अशा समजुतीत मी होते. मिळाले ४४. श्रेयांक सरसकट उचलून देत नाहीत, विषयागणिक जुळवतात, हे तेव्हा कळलं. जुन्या गुणपत्रिका पुरत नाहीत, त्या वर्षीचा छापील अभ्यासक्रमही लागतो. तो मिळवायला जुन्या कॉलेजात तीन फेऱ्या झाल्या. शेवटी ग्रंथालयातल्या एका मावशींनी माळ्यावरून गठ्ठा काढून दिला, धूळ झटकत म्हणाल्या, ‘घे बाई, उंदरांनी ठेवलंय तेवढं.’ संगणकाचा माझा जुना पेपर विद्यापीठाने नाकारला. आधी राग आला. मग तो अभ्यासक्रम उघडून पाहिला, तर त्यात फ्लॉपी डिस्कवर अख्खं प्रकरण. म्हटलं, बरोबर आहे यांचं.

ही जुळवणी मात्र त्यांनी नीट केली. कोणता विषय कशासमोर धरला, कोणता का नाकारला, याचा लेखी तक्ता दिला. दोन विषयांवर मी हरकत घेतली, त्यातला एक मान्यही झाला. अर्धा तारा त्या तक्त्याचा.

उरले ७६. एका श्रेयांकाला साधारण ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो. हे माहितीपत्रकात होतं, पण शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत. मी लोडिंग बेवर उभी राहून एका रद्द चलनाच्या पाठीवर गुणाकार केला: ७६ गुणिले ३०, म्हणजे २२८०. आठवड्याला प्रामाणिकपणे निघणारे तास मोजले तर १२. भागाकार १९० आठवडे. साडेतीन वर्षांच्या वर. प्रवेश घेताना समोरच्या खिडकीतला मुलगा म्हणाला होता, ‘मॅडम, दोन वर्षांत आरामात होईल.’ आरामात व्हायचं असेल तर आठवड्याला बावीस तास लागतात, म्हणजे नोकरीवर अर्धी नोकरी. ते चलन चार वर्षं माझ्या डायरीत होतं. ज्या कुणाला प्रवेश घ्यायचाय त्याने पहिल्या दिवशी हा भागाकार करावा. आणि बारा तास लिहिताना मनाला विचारावं, की हे बारा खरे आहेत का, की आठ आहेत.

आता ओळीतला खरा भाग. पुस्तकं. दूरस्थ शिक्षणाची पुस्तकं म्हणजे कुणाच्या तरी नोट्सच्या झेरॉक्स, अशी माझी कल्पना होती. तसं नव्हतं. प्रत्येक घटक सात-आठ पानांचा, सुरुवातीला ‘हा घटक वाचल्यावर तुम्हाला काय जमेल’, मध्ये चौकटीत प्रश्न, मागे उत्तरं. एक घटक पाऊण तासात संपतो. मी पहाटे पावणेपाच ते सहा अभ्यास करायचे, त्यात एक घटक आणि त्याचे प्रश्न बरोब्बर बसायचे. लिहिणाऱ्याने कामावर जाणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवला असणार. एकच खोट: काही पुस्तकांत छपाईच्या चुका उत्तरांच्या पानावर होत्या. ताळेबंद जुळत नाही म्हणून मी एका पहाटे सव्वा तास डोकं आपटलं आणि चूक पुस्तकाची निघाली.

ते चौकटीतले प्रश्न पहिल्या वर्षी मी सोडून देत होते. वेळ कुठे आहे, असं वाटायचं. धडा दोनदा वाचायचे, पिवळ्या पेनाने रंगवायचे, आणि परीक्षेत पान डोळ्यांसमोर दिसायचं पण त्यावरचा मजकूर दिसायचा नाही. अभ्यासकौशल्याच्या एका छोट्या पुस्तिकेत रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग वाचला. उतारा पुन्हा वाचणारी मुलं पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होती, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत, न बघता आठवून लिहिणारी मुलं पुढे गेली. म्हणजे पुन्हा वाचण्याने आपल्याला येतंय असं नुसतं वाटतं. तेव्हापासून आधी कालच्या घटकाचे प्रश्न, वही बंद ठेवून, आणि मगच आजचा घटक. मार्क वाढले. पिवळं पेन मुलाला देऊन टाकलं.

शिकलेलं कामावर वापरता येणं, हा या सेवेचा कुठेच न छापलेला फायदा आहे, आणि कॉलेजातल्या मुलांपेक्षा तो आपल्याला जास्त मिळतो. संख्याशास्त्रात प्रमाण विचलन आलं, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप. पुस्तकातलं उदाहरण विद्यार्थ्यांच्या उंचीचं होतं, डोक्यात शिरेना. मग माझ्या गेट रजिस्टरमधून दोन वाहतूकदारांच्या पाच-पाच फेऱ्या घेतल्या. पहिल्याचा उशीर मिनिटांत: ३५, ३८, ४०, ४२, ४५. दुसऱ्याचा: ०, १०, ३०, ५५, १०५. दोघांची सरासरी ४०. आमच्या महिन्याच्या अहवालात दोघं सारखेच दिसत होते. विचलन काढलं तर पहिल्याचं ३.४ मिनिटं, दुसऱ्याचं साडेसदतीस. पहिला रोज उशिरा येतो, पण घड्याळ लावून उशिरा येतो. त्याच्यासाठी मी माणसं चाळीस मिनिटं दुसऱ्या कामाला लावू शकते. दुसऱ्यासाठी माणसं नुसती उभी राहतात. हे गेटवरच्या काकांना आधीपासूनच माहीत होतं. ‘ताई, तो पहिला बरा, निदान खोटं बोलत नाही,’ असं ते म्हणायचे. आता त्याला आकडा मिळाला. साहेबांपुढे आकडा चालतो.

उलटंही झालं. आमच्या गोदामात भिंतीवर पिवळ्या रंगात मोठं लिहिलंय: फिफो. आधी आलेला माल आधी बाहेर. माझ्या हाडात मुरलेला शब्द. लेखांकनाच्या पहिल्या परीक्षेत फिफोवर प्रश्न आला आणि मी आनंदाने दीड पान लिहिलं, रॅक कसे लावावेत, बॅचच्या तारखा कशा तपासाव्यात. मार्क मिळाले पंधरापैकी चार. लेखांकनातला फिफो मालाचा नसतो, किमतीचा असतो. प्रत्यक्षात कोणतं खोकं आधी उचललं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आधीच्या खरेदीची किंमत आधी खर्ची पडली असं वहीत धरायचं, एवढंच. म्हणूनच उलट प्रकारही, म्हणजे लिफो, वहीत असू शकतो. अमेरिकेत चालतो, आणि आयएएस २ हे लेखांकनाचं आंतरराष्ट्रीय मानक तो मान्य करत नाही. गोदामात कोणी लिफो केला तर मागचा माल मुदत संपून तिथेच पडेल आणि मला नोटीस येईल. नवख्याला हा गोंधळ झालाच नसता. मला झाला, कारण मला ‘येत’ होतं. नोकरी करून शिकणाऱ्यांनी ही एक खबरदारी घ्यावी: ओळखीचा शब्द दिसला की दोनदा वाचावा.

आता ओळीतला खोटा भाग. अभ्यास तुमच्या वेळेत होतो. बाकी सगळं त्यांच्या वेळेत.

थेट तासिका संध्याकाळी सात वाजता. आमच्या बाहेरगावच्या गाड्या भरायची वेळही हीच. पहिल्या सत्रात मी कानात इअरफोन घालून रिकाम्या कंटेनरमध्ये उभी राहिले, तर पत्र्याच्या आत सिग्नलच नाही. सर ‘घसारा म्हणजे...’ म्हणाले आणि गेले. परत आले तेव्हा ‘...कळलं ना सगळ्यांना?’ तासिकेचं रेकॉर्डिंग दोन दिवसांनी मिळतं, ते बसमध्ये सव्वापट वेगाने ऐकायचे. पण प्रश्न विचारायचा राहिलाच. पूर्वीच्या लोकांचं याहून वाईट होतं, हेही खरं. ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी १९६९ मध्ये स्थापन झालं आणि १९७१ मध्ये शिकवणं सुरू झालं, तेव्हा त्यांचे धडे बीबीसीवर लागायचे, पुष्कळसे भल्या पहाटे नाहीतर रात्री उशिरा. थेट २००६ पर्यंत ते प्रसारण चाललं. धडा चुकला की चुकला. त्याच्याही मागे जायचं तर १८५८ मध्ये लंडन विद्यापीठाने आपल्या परीक्षा कॉलेजात न जाणाऱ्यांना खुल्या केल्या. परीक्षा आमची, अभ्यास तुमचा तुम्ही बघा. आणि बायकांना तिथे पदवी मिळायला १८७८ उजाडलं. एवढं वाचल्यावर कंटेनरमधल्या सिग्नलबद्दल फार रडावंसं वाटत नाही. थोडं वाटतं.

स्वाध्यायांचं मात्र मी विसरणार नाही. प्रत्येक विषयाला दोन स्वाध्याय, शेवटच्या तारखेला रात्री बारापर्यंत पोर्टलवर चढवायचे. दुसऱ्या वर्षी व्यवसाय व्यवस्थापनाचा दुसरा स्वाध्याय मी तीन दिवस आधी पूर्ण केला होता. पण सगळे स्वाध्याय एकदम चढवू म्हणून थांबले. शेवटच्या रात्री शिफ्ट संपवून, कपडेही न बदलता, अकरा चाळीसला फाइल चढवली. हिरवी खूण आली. झोपले. महिन्याभराने तपासून आलेल्या प्रतीवर मार्गदर्शक बाईंचा शेरा होता: ‘साठ्याचा तक्ता व्यवस्थित आहे. प्रश्न १ ते ४ ची उत्तरं सापडली नाहीत.’

मी गोदामाचा साप्ताहिक साठा अहवाल चढवला होता. दोन्ही फाइलींचं नाव ‘अंतिम २’.

चूक माझी, शंभर टक्के. बाईंना फोन केला. त्या हसल्या, मग म्हणाल्या, ‘अहो, तुमचा स्वाध्याय मी आत्ता वाचायला तयार आहे, पण मार्क भरायची खिडकीच बंद झालीय. मला उघडता येत नाही.’ मूळ फाइलीवरची तारीख दाखवली. मदतकक्षाला चार मेल केले. प्रत्येक वेळी तेच यांत्रिक उत्तर, आणि प्रत्येक वेळी नवा तक्रार क्रमांक. शेवटी पुढच्या सत्राची वाट बघा म्हणाले. सहा महिने. एका चुकीच्या फाइलीला सहा महिने. आमच्याकडे चुकीचा माल गेला तर दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीने येतो. चढवताना फाइलीचं पहिलं पान समोर दाखवणारी एक खिडकी ठेवली असती, तरी मला कळलं असतं. दीड ताऱ्यातला एक तारा इथे कापला.

बाईंचं मात्र वेगळं सांगायला हवं. त्यांनी तो स्वाध्याय खरंच वाचला. मार्क देता येत नव्हते, तरी कागदावर लाल पेनाने शेरे मारून फोटो पाठवले. तिसऱ्या उत्तराशेजारी लिहिलं होतं, ‘हे तुमचं स्वतःचं वाटतं. बाकीची पुस्तकातली आहेत. असं आणखी लिहा.’ चार वर्षांत मला मिळालेली सगळ्यात उपयोगी ओळ. अशी माणसं असतात, पण ती कोणाच्या वाट्याला येतील हे प्रवेशाच्या वेळी ठरत नाही. दुसऱ्या एका विषयाला मार्गदर्शक कोण होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. प्रत्येक स्वाध्यायावर ‘चांगले’. एकदा मुद्दाम एक परिच्छेद दोनदा टाकला. ‘चांगले’.

मग परीक्षा. वर्षातून दोन हंगाम, जून आणि डिसेंबर. वर्षातून दोनदा आमची साठामोजणी, जून आणि डिसेंबर. चार वर्षं ही टक्कर चुकली नाही. मोजणीच्या आठवड्यात कुणालाच रजा नसते. साहेब पहिल्या वर्षी म्हणाले, ‘बघू.’ दुसऱ्या वर्षी म्हणाले, ‘परत?’ तिसऱ्या वर्षापासून मी वेळापत्रक लागल्याच्या दिवशीच अर्ज द्यायला लागले. सोबत बदली कोण येणार त्याची सहीही. बदली येणाऱ्या मुलाच्या सहा रविवारच्या पाळ्या मी केल्या. दुसरं म्हणजे, सगळे विषय एकाच हंगामात द्यायची सक्ती नव्हती. हे मला उशिरा कळलं. दोन-दोन, तीन-तीन करून दिले असते तर पहिल्या वर्षीचा एक पेपर राहिला नसता. फेरपरीक्षेचं शुल्क वेगळं, उशिराच्या अर्जाचं वेगळं, तात्पुरत्या प्रमाणपत्राचं वेगळं. प्रवेशाच्या वेळी सांगतात ते शुल्क म्हणजे फक्त दाराचं. आतल्या खोल्यांचं निराळं.

एक हंगाम घरून, कॅमेऱ्यासमोर परीक्षा झाली. मला गणित करताना पुटपुटायची सवय. पडद्यावर सूचना आली, ‘आवाज आढळला.’ दुसऱ्यांदा आली. तिसऱ्या सूचनेला पेपर बंद होतो असं नियमात होतं. मग पुढचा दीड तास मी ओठ घट्ट मिटून बेरजा केल्या. मुलगा बाहेर दाराला पाठ लावून बसला होता, कोणी बेल वाजवू नये म्हणून. संपल्यावर आत येऊन म्हणाला, ‘आई, तू श्वास तरी घेत होतीस का?’

कोणासाठी ही सेवा आहे? ज्याला आपला वेळ आपणच बांधता येतो त्याच्यासाठी. पुस्तकं चांगली आहेत, पण ती पहाटे हाक मारत नाहीत. आमच्या गोदामातून मी धरून तिघांनी प्रवेश घेतला होता. एकाने पहिल्या स्वाध्यायानंतर सोडलं, दुसऱ्याने फिरती पाळी लागल्यावर. तो माझ्यापेक्षा हुशार होता. दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्याने ठरावीक तास काढायचे कुठून? त्याला मी म्हणेन, एका सत्रात एकच विषय घे. मात्र नोंदणी किती वर्षं वैध राहते ते आधी विचार. प्रवेशाच्या खिडकीवर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात आणि लेखी घ्याव्यात: जुने किती श्रेयांक धरणार, परीक्षा कोणत्या महिन्यांत, आणि स्वाध्याय चुकला तर पुढची संधी कधी. पदवी नोकरीसाठी हवी असेल तर विद्यापीठाला आणि त्याच अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, हे त्यांच्या माहितीपत्रकात नव्हे, नियामक संस्थेच्या यादीत बघावं. मी हे सगळं उलट क्रमाने शिकले.

शिफ्ट इन्चार्जची ती जागा पहिल्याच वर्षी भरली गेली. आता दुसरी निघाली आहे, अर्ज दिलाय.

पदवी प्रमाणपत्र गेल्या महिन्यात आलं. घरी दिवसा कोणी नसतं म्हणून पत्ता गोदामाचा दिला होता. पार्सल गेटवर आलं, काकांनी नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाठवलं, आणि आवक रजिस्टरमध्ये नोंद मीच केली. नग १, लिफाफा, सीलबंद. उघडून पाहिलं. कागद जाड, शिक्का उठावदार, श्रेणी बरोबर. माझ्या आडनावातलं एक अक्षर गाळलेलं. दुरुस्तीचा अर्ज, शुल्क, मूळ प्रत परत पाठवणे, कामकाजाचे ३० दिवस. रजिस्टरमध्ये शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘माल सदोष, पुरवठादाराकडे परत.’ खाली सही केली, पूर्ण आडनावाची.